अडीच फुटी रूळ

(दृश्य : पहाट. द्राक्षबागेच्या कडेनं धूर. इंजिन अजून दिसत नाही, नुसता आवाज.)

डोळे मिटून ऐकलं तर वाटेल, मेल सुटली. धडधड इतकी जलद आहे. आणि आता इंजिन बघा. शेजारून चाललेली म्हातारी त्याला मागं टाकून पुढं गेली.

हे शे जातीचं गिअरवालं वाफेचं इंजिन. मूळ इंजिनाच्या सहापट लहान, वजन सव्वाशे किलोच्या घरात. मिरजेजवळच्या या मळ्यात ते बांधलं तात्यांनी. हयात कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर गेली. वडील मिरजेच्या नॅरोगेज शेडला फायरमन होते.

(दृश्य : इंजिनाची उजवी बाजू, अगदी जवळून.)

नेहमीच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडर आडवा असतो आणि त्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला असतो. इथं ३ सिलिंडर उभे आहेत, तेही एकाच बाजूला. ते फिरवतात एक लांब शाफ्ट, रुळाला समांतर. शाफ्टवर पिनियन, म्हणजे छोटे दातेरी गिअर, आणि त्या बाजूच्या प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या अंगाला दात्यांचा मोठा गिअर. टेम्पोचं डिफरेन्शियल उघडलेलं ज्यानं बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको : हे क्राउन-पिनियनच आहे, फक्त उघड्यावर टांगलेलं. वळणावर बोगी, म्हणजे इंजिनाखालची चाकांची गाडी, फिरते तेव्हा शाफ्ट मोडू नये म्हणून मध्ये क्रॉस आहेत, म्हणजे वाकणारे सांधे, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला असतात तसे. शिवाय शाफ्ट दुर्बिणीसारखा लांब-आखूड होतो.

सिलिंडरचं सगळं वजन उजवीकडं पडलं, म्हणून बॉयलर डावीकडं सरकवलेला. समोरून बघितलं की इंजिन वाकडं दिसतं. आम्ही कॅमेरा दोनदा सरळ केला. कॅमेरा सरळच होता.

यातलं एकही चाक फुकट बसून येत नाही. सगळी चाकं ओढतात. पिनियन दोनदाहून थोडा जास्त फिरला की चाक एकदा फिरतं, म्हणून आवाज मेलचा आणि चाल बैलगाडीची.

‘ही गाडी पळत न्हाई,’ तात्या म्हणतात, ‘रेटती.’

हे डोकं एफ्रेम शे यांचं. अमेरिकेत मिशिगनच्या जंगलात त्यांचा लाकूडतोडीचा धंदा होता. रूळ हलके, वळणं जीवघेणी, चढ उभे, आणि जड इंजिन आणलं की रूळच दबायचे. १८८१ साली त्यांनी पेटंट घेतलं. ओहायोतल्या लिमा गावच्या कारखान्यानं १९४५पर्यंत पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बांधली.

(दृश्य : मोबाइलवरचं चित्रण. डोंगर, धुकं, लाल चाकं.)

हे तैवान, अलिशानची जंगल रेल्वे. तात्यांचा भाचा तिकडं नोकरीला आहे, त्यानं पाठवलेलं. हात हलतोय, चालवून घ्या. चियायी गाव समुद्रसपाटीपासून ३० मीटरवर, वरचं अलिशान स्टेशन २,२१६ मीटरवर, मध्ये ७१ किलोमीटर. जपानी अमलात सायप्रसची लाकडं उतरवायला ही लाइन घातली. एका डोंगराला गाडी वेटोळी घालत चढते. सर्वात कडक चढ १६ फुटांना १ फूट. त्या काळची शे इंजिनं आजही तिथं वाफेवर निघतात, आणि माणसं तिकीट काढून त्यांच्या मागं बसतात.

आता रुळाकडं बघा. रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्या बार्शी लाइटची, म्हणजे मिरज-कुर्डूवाडी-लातूर या जुन्या नॅरोगेज रेल्वेची, हीच रुंदी होती.

(दृश्य : कुपवाड. मिलिंग मशीन, डिव्हायडिंग हेड.)

गिअर बाजारात मिळाला असता. तात्यांनी तो घरी पाडला, आणि हे काम आम्ही दोन दिवस चित्रित केलं, त्यामुळं थोडं सावकाश बघा. मोठ्या गिअरला ३६ दाते. डिव्हायडिंग हेड म्हणजे जॉब, कापायचा तुकडा, मोजून फिरवणारं साधन. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो. ४० भागिले ३६ : एक पूर्ण फेरा, आणि १८ भोकांच्या वर्तुळावर २ भोकं पुढं. पिनियनला १७ दाते : दोन फेरे, आणि १७च्या वर्तुळावर ६ भोकं. एक भोक चुकलं की जॉब भंगारात. बेव्हल गिअरचा दाता एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, म्हणून प्रत्येक खाचेतून कटर तीनदा न्यावा लागतो. ४ गिअर, ४ पिनियन. हिशोब केला तर ६३६ वेळा.

मग प्ले. दोन दात्यांत फट किती ठेवायची? तात्यांनी एसटीचं जुनं तिकीट दात्यांत धरलं, पिनियन दाबून बसवला, बोल्ट आवळले आणि तिकीट ओढून काढलं. तिकिटावर दात्यांचे वळ उठले होते, फाटलं नव्हतं.

‘मिरजेत तंबोरा जुळवायला बसत्यात,’ ते म्हणाले, ‘तसंच हे. कानानं कळतं.’

(दृश्य : मिरज जंक्शन. ब्रॉडगेज गाडी धडधडत जाते.)

बार्शी लाइटला गिअरचं इंजिन नव्हतं. मुलूख त्या मानानं सपाट, गरज नव्हती. ही लाइन उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी हलक्या रुळांचा तोच प्रश्न दुसऱ्या अंगानं सोडवला : वजन वाटून टाका. एका एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको, मग इंजिन असो की मालडबा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्यांनी एकमेकांना जोडलेल्या ८ चाकांची इंजिनं आणली, आणि १८९७ साली कुर्डूवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. पुढं पंढरपूर, मग लातूर, आणि १९२७ साली मिरज. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. वारीच्या दिवसांत टपावरसुद्धा जागा नसायची. एके काळी मिरजेच्या यार्डात ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज शेजारी शेजारी नांदत होते. अशी स्टेशनं देशात किती होती, मोजा.

रुंदीकरण झालं, नॅरोगेजचा रूळ उचलला. वेळ वाचतो, हे खरं.

(दृश्य : जुनी फिशप्लेट, म्हणजे रूळ जोडायची पट्टी, तात्यांच्या हातात. इथं निवेदन नाही.)

मळ्यात रूळ ४० फूट लांबीचाच आहे. चढ मुद्दाम अलिशानचा : १६ला १. पहिल्या दिवशी क्रॉसची पिन तुटली आणि गाडी उलटी घरंगळत आली, ते कॅमेऱ्यात नाही, कारण कॅमेरावालासुद्धा पळाला. नवी पिन रात्रीत लेथवर निघाली. बॉयलर तांब्याचा. ६ किलोच्या दाबावर चालतो, पण आधी पाणी भरून १२ किलोला तपासलाय.

(दृश्य : दाबाचा काटा ६वर. मागच्या डब्यात दोन पोरं.)

तात्या वाफेचा रेग्युलेटर उघडतात. चाक घसरत नाही. धडधड वाढते, गाडी मात्र मुंगीच्या पावलानं वर सरकते. पहिली बोगी चढावर आली, दुसरी आली, क्रॉस फिरतोय, शाफ्ट लांबतोय.

वर पोचल्यावर तात्या वाकून पिनियनला बोट लावतात. तापलाय का, बघतात. बोटाचं ग्रीस धोतराला पुसतात आणि बांधावर उभ्या आमच्या कॅमेरावाल्याला हाक मारतात :

‘ते ठेवा खाली आन या हिकडं. अजून एक जण बसंल.’