डोकं रंगवून जाणारे पाहुणे

(दापोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, वसंत म्हटलं की कोकीळ आणि मोहोर ठरलेलेच. त्यांच्यावर कवींनी भरपूर लिहून ठेवलंय, मी भर घालत नाही. आज मला बोलायचंय ते हर्णैच्या बंदरातल्या कुरवांबद्दल. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की होड्यांवर जे पांढरे पक्षी घिरट्या घालतात, ते कुरव. आपण त्यांना इतकं रोज पाहतो की पाहतच नाही.

डिसेंबरात या कुरवाचं डोकं पांढरं असतं. डोळ्याच्या मागे फक्त एक काळपट ठिपका, काजळाची तीट लावल्यासारखा. फेब्रुवारी सरता सरता त्या पांढऱ्यावर डाग दिसू लागतात. आधी ठिगळं, मग अर्धं डोकं, आणि शिमग्याच्या सुमारास बघाल तर अनेकांची अख्खी डोकी तपकिरी! लिलावातल्या एका मावशींनी मला विचारलं होतं, ‘‘हे पाखरू दोन जातीचं काय हो?’’ प्रश्न रास्त होता. थव्यात एकाच वेळी पांढरी, कबरी आणि तपकिरी डोकी दिसली तर कोणालाही तसंच वाटेल. गंमत म्हणजे जातीही खरंच दोन असतात. एकाचं नाव तपकिरी डोक्याचा कुरव, दुसऱ्याचं काळ्या डोक्याचा कुरव. आणि या काळ्या डोक्यावाल्याचं डोकंही काळं नसतंच, गडद चॉकलेटी असतं! नाव ठेवणाऱ्याने लांबून पाहिलं असावं. डोक्यावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, डोळा बघा. तपकिरी डोक्याच्या पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचं बुबुळ फिकट असतं, दुसऱ्याचं गडद.

हा रंग कुठून येतो? डोक्यावरची जुनी पिसं गळतात आणि नवी, रंगीत पिसं येतात. पंखांची मोठी पिसं या वेळी बदलत नाहीत, कारण ती लगेच लांबच्या प्रवासाला लागणार असतात. आणि वेळ झाली हे त्यांना कळतं कसं? उकाड्यावरून नाही. आपल्याकडे थंडी ती किती, आणि तिचा भरवसा तो काय! त्यांचं घड्याळ म्हणजे दिवसाची लांबी. २१ डिसेंबरला आपल्याकडे दिवस साधारण ११ तासांचा असतो, मार्चच्या विषुवदिनाला १२ तासांचा. हा जो तासाभराचा फरक आपल्या लक्षातही येत नाही, तो पक्ष्याच्या शरीरातली संप्रेरकं जागी करतो.

म्हणजे बघा, लग्नाचे कपडे शिवून होतात हर्णैला, आणि लग्न लागतं भलतीकडेच. तपकिरी डोक्याचे कुरव वीण करतात लडाख-तिबेटच्या पठारावर. त्सो मोरिरी सरोवर समुद्रसपाटीपासून ४५०० मीटरच्या वर आहे, तिथे यांची घरटी असतात. आपल्या बंदरात मासळीच्या तुकड्यावरून भांडणारी ही जात, जूनमध्ये बर्फाच्या डोंगरांखाली पिल्लं सांभाळत असते. मला तरी यापेक्षा मोठं नवल माहीत नाही.

वाळूवरही हेच चाललेलं असतं. पाण्याच्या कडेने धावून थांबणारे, पुन्हा धावणारे छोटे चिखले पाहिलेत ना? हिवाळाभर मातकट दिसतात. मार्चमध्ये छातीवर विटकरी पट्टा उमटू लागतो. वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम, आणि यांच्यातल्याही काहींना हिमालयापलीकडे जायचंय. कालवफोड्या भेटला तर भाग्य समजा. काळा-पांढरा अंगरखा, गाजरासारखी लांब चोच. आपल्या बायका सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडकावर कालवं फोडायला बसतात, तोच धंदा हा चोचीने करतो.

आता थोडं कडू बोलतो. प्रवासाआधी हे पक्षी अंगावर चरबी चढवतात, तेच त्यांचं वाटेतलं इंधन. त्यासाठी सुकतीचे चार-पाच तास निवांत चरायला मिळावे लागतात. नेमक्या त्याच वाळूवर आपण गाड्या पळवतो, आणि थवा उडतो म्हणून कुत्र्याला त्यांच्यावर सोडतो. फोटो छान येतो. प्रत्येक उडण्यात त्यांचं कमावलेलं खर्ची पडतं, ते फोटोत दिसत नाही. तसंच कुरवांना फरसाण फेकणं. पुण्य लागतं असं कोणी सांगितलं असेल तर मला त्या शास्त्राचं नाव सांगा. तेल-मिठाची शेव खाऊन लडाख गाठायचंय का त्यांनी?

सगळेच जाणारे नाहीत. आपला काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, इथलाच. पाहुणे कपडे शिवत असतात तेव्हा याचा संसार उरकत आलेला असतो. उंच झाडावरच्या काटक्यांच्या ढिगाऱ्यावर वाढलेलं पिल्लू याच दिवसांत पंख फडफडवून बघतं. घरट्याखाली समुद्रसापाचे सांगाडे पडलेले दिसले तर घाबरू नका, ते त्याचं जेवण. आणि गावात कोणाच्या झाडावर घरटं असेल, तर ते झाड तोडायचा विचार निदान पिल्लू उडेपर्यंत थांबवा. खरं तर कायमचाच थांबवा, कारण हे जोडपं वर्षानुवर्षं तेच घरटं वापरतं.

भोरड्यांचं राहिलंच. पांगारा, सावर फुलली की गुलाबी अंगाच्या या मैना फुलांत डोकी घालून मध पितात, कपाळाला पराग फासून घेतात, आणि एप्रिलात त्याही पसार.

तुमच्याकडून काय हवंय ते सांगतो. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३०च्या सुमारास आपल्याच किनाऱ्यावर, किहीमला, सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस बसून पाहिली आणि एक नर अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार मांडतो हे लिहून ठेवलं. ते कुठे लांब गेले नव्हते, घराजवळच बसले होते. तुम्ही आठवड्यातून एकदा बंदरावर जा, शंभर कुरव मोजा, त्यांतली किती डोकी पूर्ण रंगली ते वहीत टिपा. तारीख, वेळ, भरती की सुकती. बस्स.

उद्या सकाळी आपण जाणारच आहोत. भरती चढू लागेल तसे पक्षी आपल्याकडे सरकतील, म्हणून आधीच जाऊन बसायचं. भडक कपडे नकोत, कुत्री घरी ठेवा. आणि शेवेची पुडी आणलीत तर ती आपण आपल्यातच संपवायची.