पाने पिवळी पडेपर्यंत

(दृश्य: घरामागची छोटी बाग. गवतावर गोठलेले दहिवर. कॅमेरा जमिनीलगत.)

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आहे, सकाळचे साडेआठ वाजले आहेत आणि लंडनच्या उत्तरेकडील आमच्या या बागेतले गवत गोठलेल्या दहिवराने पांढरे झाले आहे. झाडांवर अजून एकही पान नाही. अशा गवतातून पेन्सिलीच्या टोकासारख्या फिकट कळ्या वर आल्या आहेत, पण त्या दिसायच्या तर वाकावे लागते आणि नीट पाहायच्या तर गुडघे टेकून बसावे लागते. या कळ्या क्रोकसच्या, म्हणजे कंदापासून येणाऱ्या एका वीतभर फुलझाडाच्या. उभ्या माणसाला क्रोकस म्हणजे फार तर रंगाचा एक ठिपका. म्हणून या चित्रफितीत कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीपासून वीतभर उंचीवरच ठेवला आहे.

समोर आहे ती क्रोकसची टॉमासिनियानस ही जात. हंगेरीपासून सर्बिया आणि डाल्मेशियापर्यंतच्या (क्रोएशियाच्या किनारपट्टीपर्यंतच्या) टेकड्या हे त्याचे मूळ घर. ट्रिएस्ट येथील वनस्पतिशास्त्रज्ञ तोमासिनी यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले आणि इंग्रज बागवानांनी लाडाने त्याचे ‘टॉमी’ केले. मिटलेल्या कळीत बाहेरच्या तीन पाकळ्यांची केवळ पाठ दिसते, आणि ती राखाडी झाक असलेल्या रुपेरी रंगाची असल्यामुळे ढगाळ दिवशी शेकडो टॉमी गवतात असूनही नजरेत भरत नाहीत. अकराच्या सुमारास ऊन कुंपणावरून खाली उतरते आणि पाहता पाहता तेच गवत जांभळे होऊन जाते. या उमलण्यात तापमानाचा वाटा मोठा असतो. ऊब लागली की पाकळीच्या आतल्या बाजूची वाढ बाहेरच्या बाजूपेक्षा वेगाने होते आणि पाकळी मागे झुकते. गारवा आला की उलट घडते आणि फूल मिटते. मिटलेले एखादे फूल खुडून स्वयंपाकघरात पेल्यात ठेवले, तर चहा होईपर्यंत ते उमललेले असते.

आता एकच फूल हाताशी घेऊन पाहू. ज्याला आपण सहज देठ म्हणू, तो पांढरा, नाजूक भाग मुळी देठ नाही. सहाही पाकळ्या खाली एकमेकींना जुळून झालेली ती लांब नळी आहे आणि ती थेट मातीत उतरते. फुलाचा बीजांडकोश जमिनीखाली, कंदाला लागून बसलेला असतो. वर बर्फ पडो, पाऊस झोडपो किंवा पाखरांनी पाकळ्या ओरबाडोत, बीज धरणारा भाग मातीच्या उबेत असतो. कडाक्याच्या थंडीत फुलण्याचे धाडस क्रोकसला परवडते, त्याचे मोठे कारण मला या रचनेत दिसते. पाने गवतासारखी अरुंद असतात, पण प्रत्येक पानाच्या मधोमध पांढरी रेघ असते. फूल नसतानाही त्या रेघेवरून क्रोकस गवतातून वेगळा ओळखता येतो.

फुलाच्या आत तीन पुंकेसर आहेत आणि त्यांच्या मधून वर येऊन फाटे फुटलेली नारिंगी कुक्षी, म्हणजे फुलाच्या स्त्रीभागाचे टोक. मराठी प्रेक्षकाने इथे क्षणभर थांबावे. श्रीखंडात आणि मसाले दुधात आपण घालतो ते केशर याच प्रजातीतल्या, शरद ऋतूत फुलणाऱ्या सटायव्हस क्रोकसचे. पण शाळेत शिकलेल्या ‘पुंकेसर’ या शब्दामुळे वाटते तसे ते फुलाच्या नरभागाचे तंतू नसतात, तर वाळवलेल्या कुक्षीचे असतात. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशरच. आपल्या कुंकवाने ते नाव घेतले आणि ते हळदीपासून बनू लागले. काश्मीरमधील पांपोरची शेते सर्वांना ठाऊक आहेत, पण इंग्लंडमध्येही एसेक्समधले सॅफ्रन वॉल्डन हे गाव 16व्या आणि 17व्या शतकांत केशराच्या शेतीसाठी नावाजलेले होते आणि त्याच्या नावात केशर आजही टिकून आहे. मात्र या चित्रफितीतल्या हिवाळी क्रोकसांपासून केशर मिळत नाही, आणि शरद ऋतूत फुलणारे, क्रोकससारखेच दिसणारे कोल्चिकम हे फुलझाड तर विषारी असते. कोल्चिकमला सहा पुंकेसर असतात आणि क्रोकसला तीनच, ही खूण मनात पक्की असावी.

(दृश्य: एनफिल्ड. मिडल्टन हाउसची बाग.)

आमच्या घराजवळच, एनफिल्ड येथे, मिडल्टन हाउस आहे. 1865 साली याच घरात जन्मलेले एडवर्ड ऑगस्टस बोल्स 1954 साली मरेपर्यंत इथेच राहिले आणि त्यांनी आयुष्याचा मोठा भाग या वीतभर फुलाला दिला. लहानपणीच त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती. तरीही पाकळीच्या पाठीवरच्या पिसासारख्या बारीक रेषा त्यांनी जलरंगांत ज्या निगुतीने उतरवल्या, ती पाहून माणूस फुलाकडे पुन्हा नव्याने पाहू लागतो. 1924 साली त्यांनी क्रोकस आणि कोल्चिकम यांवर बागवानांसाठी पुस्तक लिहिले. बाल्कन प्रदेशातला आणि तुर्कस्तानातला क्रिसँथस हा मुळात पिवळा, मधासारख्या वासाचा छोटा क्रोकस. त्याची रोपे बियांपासून वाढवून बोल्स यांनी त्यांतून निरनिराळ्या रंगांचे वाण निवडले आणि त्यांना पक्ष्यांची नावे दिली. त्यांतला ‘स्नो बंटिंग’ आजही बागांतून लावला जातो. मिटलेला असताना पाठीवर गडद जांभळी पिसे रेखाटल्यासारखा दिसतो. उघडला की शुभ्र, आणि गळ्याशी पिवळा. क्रोकस मिटलेला एकदा आणि उमललेला एकदा असा दोनदा पाहावा, हे मी याच फुलाकडून शिकलो.

दक्षिण इटलीचा इम्पेराटी याच कारणासाठी मला सर्वांत प्रिय आहे: बाहेरून वाळक्या गवताच्या रंगाचा, त्यावर गडद रेघा, आणि उमलताच आतून उजळ जांभळा. ग्रीसच्या डोंगरांवरचा सीबेरी ‘ट्रायकलर’ मात्र आपली कला आतच मांडतो, कारण पिवळा गळा, त्याभोवती पांढरा पट्टा आणि मग जांभळे टोक ही रचना वरून डोकावल्याशिवाय दिसत नाही. मार्चमध्ये सार्वजनिक उद्यानांत दिसतात ते टपोरे डच क्रोकस. त्यांतल्या ‘पिकविक’ या वाणाच्या पट्ट्यांचे आणि ‘जीन द आर्क’च्या पांढरेपणाचे कौतुक मलाही आहे, पण लहान जातींची नजाकत त्यांच्यात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या पिवळ्या डच क्रोकसला बी धरतच नाही. माणसाने त्याचे कंद वेगळे करून लावले तरच तो पसरतो, आणि चिमण्या त्याची फुले हमखास टोचतात.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करायची. कंद मुठीतून गवतावर उधळावेत आणि जिथे पडतील तिथेच खुरप्याने सात ते दहा सेंटिमीटर खोल लावावेत, म्हणजे ओळी दिसत नाहीत. पाण्याचा निचरा होणारी माती आणि हिवाळ्यातले ऊन या दोन गोष्टींवर तडजोड चालत नाही. कंदावरची सालही पाहण्यासारखी असते: काही जातींत ती तंतूंच्या जाळीची असते, तर क्रिसँथसच्या तळाशी तिच्या कड्या सुटतात. खारी आणि उंदीर हे कंद आवडीने उकरतात. पहिल्या वर्षी आम्ही लावलेले कंद आठवडाभरात नाहीसे झाले, म्हणून आता लागवडीवर बारीक तारेची जाळी अंथरतो.

पण सर्वांत मोठी चूक आम्ही फुले सरल्यानंतर केली. एप्रिलमध्ये गवत वाढले, बाग अस्ताव्यस्त दिसू लागली आणि आम्ही यंत्र फिरवून सगळे एकसारखे कापून टाकले. पुढच्या फेब्रुवारीत केसासारखी बारीक पाने आली आणि फुले बोटांवर मोजण्याइतकीच. क्रोकसचा जुना कंद दरवर्षी फुलण्यात संपतो आणि त्याच्याच माथ्यावर नवा कंद तयार होतो. तो पोसण्याचे काम फुलोऱ्यानंतरची पाने करतात, आणि त्यासाठी त्यांना काही आठवडे मिळावे लागतात. आम्ही त्याच आठवड्यांत त्यांना छाटले होते. तेव्हापासून पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत या तुकड्यात यंत्र जात नाही. शेजारच्या आजींनी सुरुवातीला कुंपणावरून नापसंती दाखवली. आता त्यांच्या गवताचाही एक कोपरा मेअखेरपर्यंत तसाच असतो.

(दृश्य: जून. तोच गवताचा तुकडा, वाळलेला.)

जूनमध्ये या तुकड्याकडे कोणाचेही लक्ष नसते. क्रोकसची पाने वाळून दोऱ्यासारखी आडवी पडली आहेत, आणि त्यांच्या बुडाशी गवत बोटांनी बाजूला केले की इतके दिवस मातीखाली असलेले बियांचे बोंड आता स्वतःच्या देठावर जमिनीच्या वर आलेले दिसते. ते तीन शकलांत उलगडले आहे आणि आत तांबूस, गोलसर बिया आहेत. काही बिया आम्ही उथळ कुंडीत, भरड वाळू मिसळलेल्या मातीत पेरतो, बाकीच्या जिथे पडतील तिथे राहू देतो. येत्या हिवाळ्यात त्यांतून प्रत्येकी एकच, सुईसारखे पान वर येईल. पहिले फूल यायला आणखी दोन-तीन हिवाळे लागतील. कुंडीवर जातीचे नाव आणि पेरणीचे वर्ष पेन्सिलीने लिहून ती उत्तरेच्या भिंतीशी ठेवली आहे.