पाठ, पोट आणि मधला गाभा

थर चिकटवून केलेलं धनुष्य ओढलं की पाठ (लक्ष्याकडची बाजू) ताणली जाते, पोट (तिरंदाजाकडची बाजू) दबतं. मधल्या गाभ्याला ना धड ताण, ना धड दाब. मग तिथे कसलंही लाकूड चालेल? अजिबात नाही. थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि ही सरकासरकी मध्यावरच सगळ्यात जास्त असते. गाभा फाटतो तो तिथेच.

रे रोडच्या लाकूडबाजारात पहिला मोह होतो प्लायचा. सपाट, स्वस्त, हव्या त्या मापात कापून मिळतो. पण त्यात एकाआड एक थरात लाकडाच्या तंतूंच्या रेषा आडव्या. वाकताना त्या थरांचा काही उपयोग नाही. सरळ रेषांचा साग चालतो, फक्त तो तेलकट. ॲसिटोनने पुसायचा आणि लगेच चिकटवायचा.

आमचं मत बांबूला. कोकणातला माणगा भरीव असतो, पट्ट्या जाड निघतात. गाभ्यासाठी वरची गुळगुळीत साल रंध्याने काढायचीच, तिच्यावर ग्लू धरत नाही.

जाडीत मात्र कुचराई नको. जाडी दुप्पट झाली की ताठरपणा 8 पट होतो. एक बाहू (मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) 10 टक्के जाड राहिला, तर तो 33 टक्के जास्त ताठ. म्हणून जाडी मोजायचा व्हर्नियर खाली ठेवायचाच नाही.

सलग सहा फुटी पट्टी मिळाली तर नशीब. नाहीतर जोड. टोकाला टोक भिडवून नव्हे, तिरका छेद घेऊन: 3 मिमी पट्टीला 30 मिमी उतार. दोन्ही तुकडे पायरीसारखे एकावर एक ठेवून एकदमच रंधा मारा, उतार आपोआप जुळतात. जोड येऊ द्या मुठीखाली, जिथे धनुष्य वाकत नाही.

सुतारकामाचा पांढरा ग्लू सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. इथे सावकाश सुकणारी इपॉक्सीच (दोन भाग कालवून वापरायचा ग्लू) हवी. मुंबईच्या उकाड्यात ती डब्यातच तापून घट्ट होते, तेव्हा कालवली की लगेच पसरा. आणि जुलैत, हवा 80 टक्क्यांवर दमट असताना, लाकूड आधी बल्ब लावलेल्या पेटीत सुकवा.

आता सगळे थर फॉर्म्यावर, म्हणजे धनुष्याच्या आकाराच्या साच्यावर. (चाळीच्या गॅलरीत सहा फुटी फॉर्मा म्हणजे शेजाऱ्यांची परवानगी आलीच.) क्लॅम्प करकचून आवळले तर इपॉक्सी पिळून बाहेर जाते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या की दाब सगळीकडे सारखा बसतो.

ट्यूब सोडल्यावर कडेने बघा. ग्लूची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवी. मध्येच फट दिसली, तर त्या धनुष्याला दोरी चढवायची नाही.