मेलायस, तर बोलतोयस कसा?

मंडळी, परवा संध्याकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका कट्ट्यावर चार पोरं मोबाईलवर बीजीएमआय, म्हणजे तो गोळीबाराचा गेम, खेळत बसली होती. त्यातला एक एकदम ओरडला, "मेलो रे! मागनं मारलं मला!" शेजारनं चाललेल्या एक आजी दचकून थांबल्या. पोराला खालीवर बघितलं आणि म्हणाल्या, "मेलायस, तर बोलतोयस कसा?"

मला आज आजींच्या प्रश्नावरच बोलायचंय.

खासबागेत कुस्ती बघताना आपलेही खांदे हलतात. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमनं गोल केला की "आपण मारला" म्हणतो. पण तिथं "आपण" असतं, "मी मारला" म्हणणारा प्रेक्षक मी तरी ऐकलेला नाही. सिनेमात गोळी लागते ती "त्याला". गेममध्ये मात्र सरळ "मी".

गेममधला नायक आपल्यासारखा असतो म्हणून? मारिओ घ्या. १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा पडद्यावर ठिपकेच इतके थोडे की तोंड नीट दाखवता येईना म्हणून मिशा दिल्या, आणि केसांचा त्रास नको म्हणून टोपी. पुढं १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आमच्या पिढीनं टीव्हीला जोडायच्या डब्यावर, कॅसेट फुंकून फुंकून खेळला. खड्डा आला की रिमोटसकट आम्हीच हवेत! तो इटालियन प्लंबर आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. त्यानं काही बिघडलं नव्हतं.

गेम बनवणाऱ्यांपैकी काहींनी यावरून असा हिशेब मांडला, की नायक जितका कोरा, तितका खेळणारा त्यात सहज शिरतो. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'चा गॉर्डन फ्रीमन अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. मला हे अर्धंच पटतं. २००२ च्या 'व्हाइस सिटी'तला टॉमी भरपूर बोलतो, शिव्याही देतो. तरी सायबर कॅफेत पोरं ओरडायची, "भावा, माझ्यामागं पोलीस लागल्यात!" आणि मधेच गोष्टीचा प्रसंग सुरू झाला, कीबोर्ड चालेना, की तीच पोरं म्हणायची, "हा काय बडबडतोय? पुढं ढकल." हातातनं ताबा गेला, की "मी"चा "हा" झाला. म्हणजे हा "मी" चेहऱ्यात नव्हे, बोटात राहतो, असं मी बरीच वर्षं मानत होतो.

माझ्या भाचीनं त्याला सुरुंग लावला. (ज्यांना 'द लास्ट ऑफ अस' अजून खेळायचाय, त्यांनी जरा कान झाका.) २०१३ च्या पहिल्या भागात आपण बहुतेक जोएल होऊन खेळतो, आणि शेवटी हा जोएल त्याच्यासोबतच्या एली या पोरीला वाचवायला इस्पितळात घुसतो. तिथल्या सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढंच सरकत नाही, दुसरा पर्याय दिलेलाच नाही. भाची म्हणाली, "मी नाही मारला मामा, त्यानं मारला." अगं, बटण तूच दाबलंस ना? "दाबलं. पण ठरवलं त्यानं."

२०२० च्या दुसऱ्या भागात त्याच सर्जनची मुलगी ॲबी जोएलला ठार करते, आणि पुढं जवळजवळ अर्धा गेम आपल्याला ॲबी होऊनच खेळावा लागतो. जगभरात खेळणारे खवळले. आमची भाची तर ॲबीला मुद्दाम मरू द्यायची. "ती मेली, बरं झालं," म्हणायची. लक्षात घ्या, बोटं हिचीच, पण मरायची ती.

या ॲबीला उंचीची भीती आहे. एके ठिकाणी दोन उंच इमारतींमधल्या पुलावरनं तिला जावं लागतं, आणि खाली बघितलं की दृश्यच असं ताणलं जातं, की आपलेही पाय गळतात. त्या रात्री भाचीनं गेम मधेच थांबवला. मी विचारलं, काय झालं?

"मामा," ती म्हणाली, "मला खाली बघवेना."