मामांचं शून्य

[पहाट. पूर्व भागातली एक गच्ची. शेजारच्या गल्लीतून लूमचा आवाज.]

सोलापूरच्या या भागात लूमची खडखड कुणाला ऐकूच येत नाही. ती थांबली, तरच लोक दचकतात. या गच्चीवर मात्र त्या खडखडीत आणखी एक आवाज मिसळलेला आहे. टक्. जरा थांबून, पुन्हा टक्.

टर्किश टॉवेलचा न कापलेला तागा अंथरलाय. सेकंडचा माल, विणीत दोष निघाला म्हणून पडून राहिलेला. पलीकडच्या टोकाला स्टीलचं फुलपात्र आडवं केलेलं. टॉवेलच्या लूपवरून चेंडू घरंगळतो, शेवटच्या वितीत डावीकडे कलतो आणि फुलपात्राच्या काठाला लागून बाहेर. मामा काही बोलत नाहीत. दुसरा चेंडू घेतात.

गल्ली त्यांना मामा म्हणते, आपणही तेच म्हणू. धंदा टॉवेलचा, होलसेल. पुण्यात नोकरीला असताना एका साहेबांनी हातात गोल्फची काठी दिली. नोकरी सुटली, काठी सुटली नाही. आता त्यांना स्क्रॅच गोल्फर व्हायचंय. म्हणजे हँडिकॅप शून्य.

[पार्क मैदान. पोरं मातीत पायानं रेघ ओढतायत.]

हे शून्य समजायला पोरांची शर्यत पुरते. धाकटा दहा पावलं पुढून पळणार, कारण तो लिंबूटिंबू. थोरला रेघेवरून. त्याला सवलत नाही. इंग्रजीत स्क्रॅच म्हणजे ओरखडा. जुन्या शर्यतींमध्ये बिनसवलतीचा गडी जमिनीवर ओढलेल्या रेघेवरून सुटायचा, तोच शब्द पुढे गोल्फमध्ये आला. हँडिकॅप 20 म्हणजे ढोबळमानानं 20 फटक्यांची सूट. स्क्रॅच खेळाडूला सूट नाही. खरं सांगायचं तर गोल्फमध्ये बहुतेक सगळेच थोडेफार लिंबूटिंबू असतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कमाल हँडिकॅप 54 आहे, म्हणजे 18 होलच्या (चेंडू घालायच्या खड्ड्यांच्या) राऊंडमध्ये दर होलला तीन फटके माफ.

मैदानांची अवघडता ठरवताना स्क्रॅच खेळाडूचं एक माप धरतात. पुरुष असेल तर पहिला फटका सरासरी 250 यार्ड, आणि 470 यार्डांवरचं ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, दोन फटक्यांत. बाईसाठी हेच आकडे 210 आणि 400. 250 यार्ड म्हणजे जवळजवळ 229 मीटर. क्रिकेटमधल्या सिक्सरचं कौतुक जरा बाजूला ठेवायला लागेल.

पण ताकदीवर शून्य येत नाही. पार म्हणजे मैदानासाठी ठरलेले फटके. 72 पारच्या मैदानावर 36 फटके पटिंगचेच, म्हणजे ग्रीनवर चेंडू खड्ड्याकडे घरंगळवण्याचेच, धरलेले असतात, दर होलला दोन. खड्ड्याचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा साधारण 43. म्हणून ही गच्ची, हा तागा, हे फुलपात्र.

[लाल कापडी वही उघडते.]

ही उधारीची वही नाही, मामांचे राऊंड आहेत. जानेवारी 2020 पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली. शेवटचे 20 राऊंड घ्यायचे, त्यातले सर्वांत चांगले आठ निवडायचे आणि त्यांची सरासरी काढायची. त्या आठांना मामांनी पेन्सिलीनं गोल केलाय. बाकीचे बारा?

"बुडीत खातं," मामा म्हणतात.

इथंच बहुतेकांची गल्लत होते. स्क्रॅच म्हणजे रोज पार खेळणारा, असं वाटतं. तसं नाही. शून्य येतं ते चांगल्या दिवसांच्या सरासरीतून. बारा वाईट दिवस त्या शून्यामागे लपलेले असतात. त्यामुळे खरा स्क्रॅच खेळाडूही बहुतेक वेळा पारच्या वरच खेळून घरी येतो.

शिवाय 75 म्हणजे नेहमी सारखाच 75 नव्हे. रेटिंग म्हणजे स्क्रॅच खेळाडूला तिथं साधारण किती फटके लागावेत, आणि स्लोप म्हणजे साध्या खेळाडूला ते मैदान त्याच्यापेक्षा किती जड जातं. मैदानाचं रेटिंग 74.1 आणि स्लोप 135 असेल, तर सरासरीत त्या 75 ची किंमत 0.8. रेटिंग 69.5 आणि स्लोप 113 असेल, तर तोच 75 पडतो 5.5 ला. मामा याला वाहतूक आणि हमाली धरून पडलेला भाव म्हणतात. आम्हाला हे गणित त्यांनी एका चहात समजावलं. दुसऱ्या चहात आम्ही विसरलो.

शून्याच्या पलीकडेही माणसं आहेत. त्यांच्या आकड्यापुढे अधिकचं चिन्ह लागतं आणि ते उलट मैदानालाच फटके देऊन खेळतात. टूरवरचे व्यावसायिक तर त्याच्याही बरेच पुढे. मामांना तिकडं जायचं नाही. त्यांचा आकडा सध्या 0.3.

[सोलापूर स्टेशन. हुतात्मा एक्सप्रेस.]

राऊंडसाठी ते पुण्याला जातात. पिशवी उभी मावत नाही, म्हणून वरच्या रॅकवर आडवी.

"काय ओ मामा, सतार हाय का?" समोरच्या सीटवरून प्रश्न येतो.

"सतारच. सूर लागंना अजून."

जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवायची मुभा असते. मामांच्या सतारीत अकराच आहेत.

[रात्र. परतीचा डबा. खिडकीबाहेर अंधार.]

कुर्डुवाडी गेल्यावर वही निघते. आज 77. सतराव्या होलवर दोन फुटांवरून चेंडू काठाला लागून बाहेर आला होता, सकाळच्या फुलपात्रासारखाच. हा राऊंड काही आठांत बसणार नाही. पण खरी खोट वेगळीच आहे. नवा राऊंड आत आला की सर्वांत जुना बाहेर पडतो, आणि आज बाहेर पडतोय तो गोल केलेला. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला, मामांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला.

ते पट्टी लावून त्यावर आडवी रेघ मारतात. बुडीत खात्यातला एक राऊंड शोधून त्याला पेन्सिलीनं गोल करतात. बेरीज होते. आठानं भागतात. पुन्हा भागतात.

0.6.

मोहोळ मागं पडतं. मामा वहीत नवी तारीख घालतात, पुढची ओळ रिकामी ठेवतात आणि रॅकवरची पिशवी उतरवायला उठतात.