शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?

मंडळी, हृदयविकाराचा झटका आला की माणूस छाती धरून बसतो, घामाघूम होतो आणि घरातले धावाधाव करतात. पक्षाघातात बहुतेकदा काहीच दुखत नाही. हातातला कप निसटतो, शब्द अडखळतो. मग ‘हात अवघडला असेल, जरा पडून राहा’ असं म्हणत घरचेच दोन-तीन तास घालवतात. हा न दुखण्याचा गुणच या आजारात घात करतो.

पक्षाघात म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडणं. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण ऑक्सिजन मात्र तो जवळपास २० टक्के वापरतो, आणि साठवून काहीच ठेवत नाही. पक्षाघाताच्या दर १०० झटक्यांपैकी सुमारे ८५ वेळा रक्ताची गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते, उरलेल्या वेळी वाहिनी फुटते. मोठी वाहिनी बंद झाली, तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. पण सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर जातो, आणि त्याच्याभोवतीचा पट्टा शेजारच्या बारीक वाहिन्यांच्या उसन्या रक्तावर तग धरून असतो. काम बंद, जीव शाबूत. उपचारांची सगळी धडपड या पट्ट्यासाठी असते. तो किती वेळ टिकेल, हे माणसागणिक बदलतं.

आता घरात ओळखायचं कसं? रुग्णाला दात दाखवायला सांगा. ओठाचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा तसाच राहतो का, ते बघा. नुसतं हसायला सांगितलं तर घाबरलेला माणूस हसत नाही, म्हणून दात. मग डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे आकाशाकडे, असे १० सेकंद धरायला सांगा. इथे नीट लक्ष द्या. कमजोरी थोडीच असेल तर हात धपकन पडत नाही. आधी तळवा हळूच आत वळतो, मग हात खाली सरकू लागतो. तेवढं दिसलं तरी पुरे. शेवटी एक साधं वाक्य म्हणून घ्या. बोबडेपणा हे एक लक्षण. दुसरं फसवं असतं: उच्चार स्वच्छ, पण शब्द भलतेच. याला ‘वेड्यासारखं बोलतोय’ म्हणून लोक सोडून देतात. याशिवाय अचानक तोल जाणं, एकाएकी दृष्टी जाणं किंवा एकाचे दोन दिसणं, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी क्षणात शिखर गाठणारी डोकेदुखी. ही डोकेदुखी रक्तस्रावाची असू शकते. यातलं एकच लक्षण असलं तरी रुग्णवाहिका बोलवा.

फोन करतानाच घड्याळ बघा. रुग्णालयात पहिला प्रश्न हाच येणार: रुग्णाला शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं? लक्षण कधी दिसलं, ते नव्हे. रात्री १० वाजता धडधाकट झोपलेला माणूस सकाळी ६ वाजता वाकड्या तोंडाने उठला, तर सुरुवात ६ ची धरत नाहीत, १० ची धरतात. अशा रुग्णांनाही काही ठिकाणी एमआरआय किंवा विशेष स्कॅन करून उपचार देता येतात. त्यामुळे ‘वेळ गेली’ हा निर्णय घरी बसून कुणी करू नये.

काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं आहे. पाणी पाजू नका, गोळी भरवू नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि घोट फुप्फुसात जातो. पुढच्या न्यूमोनियाची सुरुवात अनेकदा इथेच होते. अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. हृदयविकारात ती लगेच देतात म्हणून इथेही देण्याचा मोह होतो, पण आत वाहिनी फुटली आहे की बंद झाली आहे, हे स्कॅनशिवाय डॉक्टरलाही कळत नाही. रक्तदाब वाढलेला दिसला तर घरातली गोळी देऊन उतरवू नका. तो उसना पुरवठा त्याच दाबावर चाललेला असतो. रुग्णाला मधुमेह असेल आणि यंत्र हाताशी असेल, तर साखर जरूर तपासा, कारण साखर खूप उतरली तरी हुबेहूब हेच चित्र दिसतं. मात्र त्यासाठी रुग्णवाहिका थांबवून ठेवू नका. उलटी होत असेल किंवा गुंगी असेल तर कुशीवर वळवा. औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर शेवटची गोळी कधी घेतली, ते लिहून घ्या. आणि जवळच्या दवाखान्यापेक्षा २४ तास सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा.

तिथे स्कॅनमध्ये रक्तस्राव नसेल, तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. सुरुवातीच्या तासांत सीटी अगदी ‘नॉर्मल’ दिसू शकतो. नातेवाईक ते ऐकून सुटकेचा श्वास टाकतात. तसं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की रक्तस्राव नाही. अल्टेप्लेज या अशाच इंजेक्शनची मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला ५४ मिलिग्रॅम: ५.४ एका मिनिटात, बाकी तासाभरात. म्हणून वजन विचारतात, आणि म्हणूनच अंदाजे सांगू नये. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात. हे एरवी ६ तासांपर्यंत, आणि स्कॅनमध्ये वाचण्याजोगा भाग दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. साडेचार तास ही मुदत आहे, सवलत नाही. इंजेक्शन चौथ्या तासापेक्षा पहिल्या तासात कितीतरी जास्त काम करतं.

लक्षणं दहा-वीस मिनिटांत आपोआप गेली तर? घरात आनंदीआनंद होतो. खरं तर हा सर्वांत धोक्याचा इशारा आहे. मोठा झटका येण्याची भीती पुढच्या ४८ तासांत सर्वाधिक असते. त्याच दिवशी तपासणी हवी. मानेतल्या धमनीत ७० टक्क्यांहून अधिक अडथळा सापडला, तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात.

प्रतिबंधाचं बोलायचं तर तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बैठं आयुष्य हे सगळं आहेच, तुम्हाला पाठ आहे. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, हेही ऐकलं असेल. मला भर द्यायचा आहे तो रक्तदाबावर, कारण सर्वांत मोठा वाटा त्याचा. आणि तो चुकीचा मोजला जातो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा १४० वर ९० च्या आत आला म्हणून गोळी बंद करणारे खूप असतात. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो.

दुसरं, नाडी. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजा. ठोके कसल्याच तालात बसत नसतील तर ईसीजी काढून घ्या. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरत असेल, तर त्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती थेट मेंदूकडे जाते. अशा नाडीत पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. ज्यांना रक्त पातळ करणारं योग्य औषध लागतं, त्यांच्यात ते हा धोका जवळपास दोन-तृतीयांशाने उतरवतं. अ‍ॅस्पिरिनने ते काम होत नाही.