हवेचा नियम सरकारलाच करावा लागतो

नमस्कार मंडळी. आज पृथ्वी तापतेय त्याबद्दल आणि त्यात सरकारचं काय काम आहे त्याबद्दल बोलायचंय, पण आधी एका बुडबुड्याबद्दल बोलूया. अंटार्क्टिकात शास्त्रज्ञ बर्फात कित्येक किलोमीटर खोल ड्रिल करतात आणि बर्फाचे लांब गोल दांडे बाहेर काढतात. तो बर्फ उजेडात धरला की आत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात, आणि त्यात जुनी हवा अडकलेली असते, साधीसुधी जुनी नाही, आठ लाख वर्षांपर्यंतची! ती हवा मोजली तर त्या अख्ख्या काळात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कोळसा-तेल जाळल्यावर निघणारा वायू, हवेच्या दहा लाख भागांत ३०० च्या वर काही गेलेला नाही. कारखाने सुरू व्हायच्या आधी तो २८० च्या आसपास होता. आज ४२० च्या पुढे गेलाय.

मला लोक विचारतात, पृथ्वी माणसामुळे तापतेय यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे म्हणता, म्हणजे काय सगळ्यांनी बसून हात वर केले का? तर तसं नाहीये ते. १८५६ साली युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तर कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि थंड व्हायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. पुढे १८९६ ला स्वीडनमध्ये अर्‍हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाने हाताने गणितं करून दाखवलं की हा वायू वाढला तर पृथ्वी तापणार. मग १९५८ पासून चार्ल्स कीलिंगने हवाईच्या एका डोंगरावर रोज मोजायला घेतलं, तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. यांच्यात कुणी कुणाला भेटलेलं नाही, पण सगळ्यांचं बोट एकाच दिशेला. एकमत म्हणतात ते हेच.

बरं, वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? तेही तपासलंय. कार्बन १४ हा कार्बनचा असा प्रकार आहे की तो काळाबरोबर हळूहळू नष्ट होतो; कोळसा आणि तेल इतकं जुनं असतं की त्यात तो उरलेलाच नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण तसंच पातळ होत गेलेलं दिसतं. आणि सूर्य जास्त तापला असता तर वरची हवा पण तापली असती ना? सॅटेलाइट दाखवतात की खालची हवा तापतेय आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. मला तरी हा पुरावा सगळ्यात पक्का वाटतो.

आता सरकारचं. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती, तिच्या रिपोर्टचा सारांश देशोदेशीच्या सरकारांचे प्रतिनिधी एकेक ओळ वाचून मंजूर करतात, त्यात तेल विकणारे देशपण असतात. २०२१ मध्ये त्यांनीच मान्य केलं की माणसामुळे हवा, समुद्र आणि जमीन तापलीये यात शंका नाही. मग तेच घरी जाऊन नवीन खाणींना परवानगी देतात याचा मला खरंच राग येतो.

आपण घरात दिवे बदलतो, गाडी कमी चालवतो, ते करायलाच पाहिजे, पण बटण दाबल्यावर येणारी वीज कोळशाची की उन्हाची हे तुम्ही आम्ही ठरवत नाही. ओझोनचं आठवा, म्हणजे उन्हातल्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा हवेतला थर. १९८५ ला त्या थरातलं अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १९८७ ला ओझोन वाचवायला माँट्रियल करार झाला, आणि ओझोन खाणारा फ्रिजमधला वायू बदलला तो कायद्यामुळे, प्रत्येक गिऱ्हाइकाने दुकानात चौकशी केली म्हणून नाही, आणि आता तो थर हळूहळू भरून येतोय. कार्बनचं काम याच्यापेक्षा खूप मोठं आणि अवघड आहे, मान्य, कारण तो एका वायूचा धंदा नाही, सगळंच त्याच्यावर चालतं. खाणीत राबणाऱ्या माणसाला दुसरं काम द्यावं लागेल, गरिबाला वीज महाग पडून चालणार नाही, आणि हे कुठली कंपनी आपणहून करणार नाहीये. शिवाय आज सोडलेल्या वायूतला बराचसा भाग शेकडो वर्षं हवेतच राहतो, त्यामुळे पुढच्या सरकारवर ढकललं की बोजा वाढतच जातो.

पॅरिस करार हा पृथ्वीचं तापणं रोखायला देशांनी केलेला करार, त्यानुसार त्यात असलेल्या प्रत्येक देशाला दर ५ वर्षांनी आपली नवीन योजना द्यायची असते, आणि त्या सगळ्यांना वाचायला खुल्या असतात. तुमच्या देशाची काढा, कोळशाबद्दल काय लिहिलंय, कुठल्या वर्षापर्यंत काय करणार म्हणतायत ते बघा, आणि मत मागायला येतील त्यांना तेवढंच विचारा. नमस्कार.